अहवालातला ‘शेजार’ हा रकाना कुठून आला?

तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की अपराधशास्त्राच्या पेपरसाठी बेकारियापासून ब्रेथवेटपर्यंत सगळे सिद्धांत पाठ केले, पण ठाणं, कोर्ट, निरीक्षणगृह, तुरुंग इथल्या रोजच्या कामात त्यातलं काही उतरतं का, की धोरण फक्त बातम्या आणि लोकांचा राग पाहून ठरतं? दुसरा, फील्डवर्कमधल्या मुलाच्या केसला ‘कोणताही एक सिद्धांत लावून दाखवा’ असं तुम्हाला सांगितलंय, तर कोणता लावायचा? मी नागपुरात चोवीस वर्षं परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते, म्हणजे आरोपीच्या घरची-वस्तीची चौकशी करून अहवाल द्यायचा आणि सुटलेल्यावर देखरेख ठेवायची. बहुतेक काम बाल न्याय मंडळापुढचं, थोडं प्रौढांच्या कोर्टातलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातूनच निघेल, म्हणून आधी पहिला घेते.

सिद्धांत रोज उतरतात, फक्त ते स्वतःचं नाव सांगत नाहीत. ‘दोन दिवस आत राहू द्या, अक्कल येईल,’ असं हवालदार म्हणतो तेव्हा तो शिक्षेच्या भीतीचा, म्हणजे प्रतिरोधाचा सिद्धांत बोलत असतो. ‘पोट्टा चांगला होता जी, संगतीनं गेला,’ असं आई सांगते तेव्हा ती एडविन सदरलँडने १९३९ मध्ये मांडलेलं तिच्या शब्दांत सांगते. ‘त्या बेड्यावरचे लोक तसेच असतात,’ असं एखाद्या पारधी वस्तीबद्दल म्हणणारा शेजारी एकोणिसाव्या शतकातल्या जन्मजात गुन्हेगाराच्या कल्पनेत अजून राहतो. तिघांनाही विचारा, ते म्हणतील की सिद्धांत-बिद्धांत आम्हाला माहीत नाही, आम्ही अनुभवाचं बोलतो. आदेशावर सही करणाऱ्याला आपण कोणता सिद्धांत वापरतोय याची जाणीव नसली, की त्याची किंमत ज्याच्यावर आदेश बजावला जातो तो मोजतो. इतकी वर्षं काम करून माझं सगळ्यात पक्कं झालेलं मत हेच आहे.

सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्या हातातल्याच कागदाचं. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे मूल मंडळापुढे पहिल्यांदा हजर झाल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. २०१६ च्या आदर्श नियमांतला नमुना ६ काढा आणि सिद्धांतांच्या नोट्स शेजारी ठेवून वाचा. ‘बहुतेक मित्र कसे आहेत’ याखाली शिकलेले, अशिक्षित, बरोबरीचे, वयाने मोठे, व्यसनी, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे असे पर्याय आहेत. हा सदरलँड. त्याचं म्हणणं असं की गुन्हा जवळच्या माणसांकडून शिकला जातो, आणि शिकताना कुलूप कसं तोडायचं एवढंच नाही, तर ‘त्यात काय बिघडतं’ हेही शिकलं जातं. मग शेजाऱ्यांविषयीच्या निरीक्षणाचा रकाना येतो. हा थेट शिकागोहून आलाय. शॉ आणि मॅके यांनी तिथल्या वस्त्यांच्या नोंदी अनेक वर्षं तपासल्या आणि १९४२ मध्ये दाखवलं की वस्तीत राहणारे लोक बदलले, एका देशाचे गेले, दुसऱ्या देशाचे आले, तरी बालगुन्हेगारीचं प्रमाण त्याच वस्त्यांत जास्त राहिलं. मग दोष लोकांच्या रक्तात कसा असेल? शाळा का सोडली, घरच्यांशी कसं जमतं, या रकान्यांत ट्रॅव्हिस हर्शी आहे. त्याने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला. लोक गुन्हा का करतात ते नंतर पाहू, बहुतेक लोक का करत नाहीत ते आधी सांगा. कारण त्यांना कुणीतरी आपलं असतं, काहीतरी गमावायचं असतं. नमुना तयार करणाऱ्यांनी ही नावं घेतली असतील-नसतील, रकाने मात्र तिथलेच आहेत.

आता हा कागद भरला कसा जातो ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हाच्या जुन्या फायलींमध्ये एकाच मजकुराचे कितीतरी अहवाल होते: ‘संगत वाईट, पालकांचे दुर्लक्ष, समुपदेशनाची शिफारस.’ नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, बाकी तेच. मंडळाला त्यातून काहीच कळत नाही. सुरुवातीला मीही तसेच लिहिले.

एका मुलाने ती सवय मोडली. वय १६, उत्तर नागपुरातली वस्ती, दुचाकी चोरीची तिसरी केस. वडील कळमन्याच्या बाजारात हमाल, आई चार घरची धुणीभांडी करायची. मी सकाळी अकराला गेले. घरी फक्त आजी. तिने सांगितलं, ‘संगतीनं वाया गेला जी पोट्टा,’ आणि मी तेच लिहून निघाले. अहवाल देण्याआधी का कोण जाणे पुन्हा एकदा गेले, या वेळी संध्याकाळी साडेसातला. गल्लीच्या तोंडाशी दुचाकी दुरुस्तीचं एक टपरीवजा दुकान होतं, तिथे बावीस-पंचवीस वर्षांचे पाच-सहा जण बसलेले, आणि मधोमध हा उकिडवा, एका गाडीचं हँडल लॉक उघडत. त्याच्या हाताखालचं कुलूप किती वेळात उघडलं ते मी पाहिलं. बाजूचा एक जण म्हणाला, ‘मॅडम, हा आमचा मिस्त्री.’ आणि त्या एका शब्दाने मुलाचा चेहरा उजळला. नववीत नापास, घरी ‘रिकामटेकडा’, शाळेत ‘मागच्या बाकावरचा’, आणि इथे मिस्त्री.

‘वाईट संगत’ खोटी नव्हती. पण नुसतं तेवढं लिहिलं असतं तर शिफारस निघाली असती ‘संगत सोडावी’, आणि ती सोडली तर त्याला मिस्त्री कोण म्हणणार? रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये हेच मांडलं होतं: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, तिथे पोहोचायचा रस्ता मात्र काहींनाच देतो. उरलेले आपापला रस्ता शोधतात. मी अहवालात हँडल लॉकचा प्रसंग जसाच्या तसा लिहिला आणि शिफारस केली की त्याला वस्तीपासून दूर, चांगल्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून ठेवावं, रोज संध्याकाळी सातपर्यंत. मंडळाने ती मानली. म्हणजे त्या आदेशात सदरलँड, मर्टन आणि हर्शी तिघेही होते, आणि त्या मुलाला त्यांच्यापैकी एकाचंही नाव माहीत असण्याची गरज नव्हती.

पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. चार महिने नीट गेले. मग शहरात कुठेही दुचाकी चोरीला गेली की पोलीस गॅरेजवर यायचे, कारण तीन केसेसमुळे हा त्यांच्या लेखी ‘रेकॉर्डवरचा’. कधी रात्री एकला घराचं दार वाजायचं, ‘आहे का घरी?’ गॅरेजमालकाने मला फोन केला: ‘मॅडम, पोट्टा कामाचा आहे, हाताला गुण आहे त्याच्या. पण माझ्या गिऱ्हाइकासमोर पोलिसांची गाडी उभी राहते, मी काय करू?’ काम सुटलं. त्याच आठवड्यात तो पुन्हा त्या टपरीवर बसलेला दिसला.

फ्रँक टॅनेनबॉमने १९३८ मध्ये आणि हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये जे लिहिलं ते मला त्या दिवशी कळलं. माणसाला एकदा ‘चोर’ असं नाव पडलं की बाकीचे त्याच्याशी त्या नावाप्रमाणे वागतात, सरळ रस्ते एकेक करून बंद होतात, आणि शेवटी ते नावच त्याची ओळख होऊन बसतं. आपल्या कायद्याला हे ठाऊक आहे. २०१५ च्या अधिनियमातल्या मूलभूत तत्त्वांत मुलाबद्दल आरोपाची, कलंक लावणारी भाषा वापरायची नाही असं आहे, आणि कलम २४ प्रमाणे दोषी ठरल्याच्या नोंदींमुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागू नये, नोंदी मुदतीनंतर नष्ट व्हाव्यात, अशी तरतूद आहे. अपवाद फक्त मोठ्या गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा जडजंबाल शब्द याच विचारातून आलाय, त्याला हसू नका. मी ते कलम घेऊन ठाणेदारांकडे गेले. वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, तुम्हाला तपासायचंच असेल तर आधी मला फोन करा, तो कुठे होता ते मी सांगते, गॅरेजमालकाची हजेरीवही दाखवते. ते तयार झाले. दुसऱ्या गॅरेजमध्ये तो टिकला. परिपत्रक नाही, योजना नाही, एका फोन नंबरची व्यवस्था. पण लेबलिंगच्या, म्हणजे नाव पडण्याच्या, सिद्धांताचा व्यवहार म्हणतात तो हाच.

नाव पडण्याची ही गोष्ट आपल्या भागात फार जुनी आहे, म्हणून इथे थोडं थांबते. लोम्ब्रोसोने कवट्या आणि जबडे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला तो १८७६ मध्ये. इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला तो त्याआधी पाच वर्षं, १८७१ मध्ये. शास्त्र यायच्या आधीच कायदा तयार होता, कारण जात म्हणजे धंदा आणि धंदा वंशपरंपरेचा, ही समजूत राज्यकर्त्यांनी स्वीकारली होती. जात जर धंदा देत असेल, तर चोरी हाही काहींचा जातधंदा असणार, हा त्यातला तर्क. पुढे कायदा पसरत गेला, १९२४ मध्ये तो एकत्र केला गेला. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. मूल जन्माला आलं तेच यादीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्यातून मुक्त झाल्या, म्हणून आजही तो विमुक्त दिन पाळतात. पण यादी गेली तरी सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यांत आले, आपल्याकडे १९५९ चा मुंबई कायदा, आणि ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. विदर्भातल्या पारधी बेड्यावर घरभेटीला गेले की आजही बायका आधी विचारतात, ‘कोणाले न्यायले आल्या?’ मी कुणाला न्यायला नाही, शाळेबद्दल विचारायला आले, हे पटायला अर्धा तास जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींना सरसकट ‘सवयीचे गुन्हेगार’ धरायचं नाही हेही सांगितलं. १८७१ च्या सिद्धांताचा एक रकाना खोडायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

आता शिक्षेच्या धाकाकडे येते, कारण धोरणात सगळ्यात जास्त हाच चालतो. बेकारियाने १७६४ मध्ये जे सांगितलं त्याचा अर्धाच भाग आपण उचलला. तो कडक शिक्षेच्या बाजूचा नव्हता, छळ आणि मृत्युदंड दोन्हींच्या विरोधात होता. त्याचा भर होता खात्रीवर आणि वेगावर: शिक्षा लहान असली तरी ती होणारच आणि लवकर होणार, हे माणसाला ठाऊक हवं. पुढच्या काळातलं संशोधन बहुतांशी त्याच बाजूने गेलंय. आपल्याकडे मात्र मोठा गुन्हा घडला, लोक रस्त्यावर आले, की शिक्षेची वर्षं वाढतात. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस नव्हती, बाल आरोपीचं वय खाली आणायचीही नव्हती. पोलिसांची जबाबदारी, तपास आणि खटल्याची पद्धत सुधारण्यावर भर होता. पुढच्याच महिन्यात आलेल्या वटहुकुमात काही परिस्थितींसाठी मृत्युदंड आला, आणि २०१५ च्या अधिनियमात १६ ते १८ वयाच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे खटल्याला पाठवण्याची वाट आली. म्हणजे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरा आहे. लोकांच्या रागावर धोरण ठरतं, आणि तो राग अस्सल असतो. पण रागाचाही एक सिद्धांत असतो, आणि तो तपासावा लागतो.

खात्रीचा हिशोब तुरुंगात जाऊन करा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे खटला संपलेला नाही, दोष ठरलेला नाही. वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात भेटीला गेले की कैद्यांचा पहिला प्रश्न ‘शिक्षा किती होईल’ हा नसायचा, ‘तारीख कधी आहे’ हा असायचा. ज्या व्यवस्थेत शिक्षेआधीच तुरुंग भोगून होतो आणि निकाल कधी लागेल हे कुणालाच सांगता येत नाही, तिथे धाकाचा सिद्धांत चालावा कसा? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळून. मला ही १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यांतली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. तुमच्या ओळखीतला कुणी आत असेल तर आधी त्याचे दिवस मोजा.

धाकाचाच एक भाऊ म्हणजे ‘पोरांना एकदा तुरुंग दाखवून आणा’. पालक विचारायचे, शाळाही विचारायच्या. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करून झालंय, आणि प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं की अशी सहल केलेल्या मुलांमध्ये गुन्हे उलट वाढले. मी कुणाला नेलं नाही.

ठिकाणांचा सिद्धांत मात्र पोलिसांना पटकन पटतो आणि तो चालतोही. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये सांगितलं, गुन्ह्याला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: करायला तयार असलेला माणूस, सोपं सावज, आणि लक्ष ठेवणारं कुणी नसणं. माणसाचं मन बदलायला वर्षं लागतात, तिसरी गोष्ट आज संध्याकाळीच बदलता येते. कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये प्रयोग झाला, काही भागांत फिरत्या गस्तीच्या गाड्या वाढवल्या, काही भागांत बंद केल्या. काही फरक पडला नाही. मिनियापोलिसमध्ये दिसलं की पोलिसांना येणारे निम्मे फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून येतात, आणि तिथेच गस्त वाढवली तर फरक पडतो. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मोबाइल कुठे जातात, ते तिथला जुना भाजीवाला बोट दाखवून सांगेल. अख्ख्या बाजारात नाही, दोन तोंडांवर. तिथे संध्याकाळी सहा ते आठ दोन माणसं उभी करणं हे शंभर कॅमेऱ्यांहून स्वस्त पडतं. कॅमेऱ्यांच्या विरोधात मी नाही, तपासात ते उपयोगी पडतात. पण कॅमेरा नंतर सांगतो, माणूस आधी थांबवतो.

फुटक्या खिडक्यांचा सिद्धांत, विल्सन आणि केलिंगचा, १९८२ चा, तुम्ही वाचलाच असेल: लहानसहान बेशिस्त चालवून घेतली की मोठे गुन्हे येतात. रात्री अकराला पानठेले बंद करायच्या मोहिमा त्याच्या नावावर चालतात. त्यावर एवढंच म्हणेन की शिकागोत सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं ते मला नागपुरात जास्त खरं वाटलं: वस्ती अस्वच्छ आहे की नाही यापेक्षा, पोरं चौकात उनाडक्या करताना दिसली तर शेजारी हटकतात की नाही, यावर गुन्ह्यांचं प्रमाण जास्त अवलंबून असतं. इंदोरा, पाचपावलीकडच्या विहारांमध्ये संध्याकाळी अभ्यासिका चालतात. ज्या गल्लीत ती अभ्यासिका चालू असायची तिथल्या मुलासाठी मला शिफारस लिहायला सोपं जायचं, कारण ‘याच्यावर लक्ष कोण ठेवेल’ याला नाव-पत्त्यासकट उत्तर असायचं.

आता तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दीबाहेर काढता येतं. एमपीडीए या महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्याखाली बारा महिन्यांपर्यंत खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येतं. यामागचा सिद्धांत सोपा आहे: थोडेच लोक खूप गुन्हे करतात, त्यांना दूर करा. याला आधार आहे. फिलाडेल्फियात १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलांची नोंद वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी तपासली, तर त्यातल्या ६ टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले. अडचण ही आहे की हे ६ टक्के कोण, ते नंतर कळतं. आधी ओळखायला गेलं की यादीत असे कितीतरी येतात जे एवीतेवी थांबणारच होते. आणि तडीपारी माणसाचं काय करते? बायको, आई, काम, सगळं नागपुरात, आणि हा वर्ध्यात किंवा भंडाऱ्यात भाड्याच्या खोलीत, तिथे ओळखीचे कोण, तर त्याच्यासारखेच हद्दपार. हर्शीचे सगळे बंध एका कागदाने तुटतात. वस्तीला दहशतीतून श्वास मिळावा म्हणून कधी तो कागद काढावाच लागतो, हे मी नाकारत नाही. पण तो काढताना दोन वर्षांनी परत आल्यावर हा काय करणार, हा रकाना आदेशात नसतो. तो असावा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आले.

लाज हे दुसरं दुधारी हत्यार. जॉन ब्रेथवेटने १९८९ मध्ये दोन प्रकारची लाज वेगळी केली: ‘तू वाईट केलंस, पण तू आमचाच आहेस’ ही माणसाला परत आणते, ‘तू वाईटच आहेस’ ही कायमची बाहेर काढते. अटकेतल्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली की टाळ्या पडतात, व्हिडिओ फिरतात. ते पाहणारी लहान पोरं काय शिकतात ते मी विचारलंय. एक आठवीतला म्हणाला, ‘भाईले काय फरक पडत नाही, हसत होता.’ म्हणजे ज्याला लाजवायचं तो त्या गल्लीत मोठा झाला. नव्या न्याय संहितेतली सामुदायिक सेवेची शिक्षा नेमकी याच वळणावर आहे. सहा किरकोळ गुन्ह्यांना ती देता येते. त्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी येते, माल किंवा किंमत परत केल्यावर. विचार उत्तम आहे. पण झाडू तोच, अर्थ दोन. दवाखान्यात वॉर्डबॉयच्या हाताखाली ठरलेले तास काम आणि शेवटी एका सहीचं पत्र, हा एक अर्थ. त्याच्याच चौकात कॅमेऱ्यासमोर झाडायला लावणं, हा दुसरा. कायदा एकच, सिद्धांत उलटे. देखरेखीला परिविक्षा अधिकारी नेमले नाहीत तर दुसरा अर्थच जिंकेल. १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाचं तेच झालं. कलम ६ सांगतं की २१ वर्षांखालच्याला शक्यतो कैदेत पाठवू नका, पाठवलंत तर कारण लिहा, आणि आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा. माझ्या चोवीस वर्षांत प्रौढांच्या कोर्टातून असा अहवाल मागवणारी पत्रं बोटांवर मोजण्याएवढी आली.

आणि जिथे राज्यच लक्ष ठेवत नाही, तिथे काय होतं ते नागपूरला सांगावं लागत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयात पेशीला आणलेल्या, गुंडगिरीच्या आरोपातल्या अक्कू यादवला कस्तुरबा नगरातल्या जमावाने कोर्टातच ठार मारलं. वस्तीतल्या बायका सांगत होत्या की वर्षानुवर्षं अत्याचार झाले, तक्रारी केल्या, कुणी दखल घेतली नाही. पुढे २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या घटनेकडे पाहताना लोक ‘संताप’ एवढंच म्हणतात. मला त्यात टॉम टायलरने १९९० मध्ये मांडलेली गोष्ट दिसते: लोक कायदा पाळतात ते शिक्षेच्या भीतीपेक्षा, ही यंत्रणा आपल्याशी न्यायाने वागते, आपलं ऐकते, या विश्वासावर. ठाण्यात आलेल्या बाईला बसायला खुर्ची देणं, तिची तक्रार तिच्या शब्दांत लिहून घेणं, एफआयआरची प्रत हातात देणं, हे सौजन्य म्हणून शिकवलं जातं. ते गुन्हे रोखण्याचं काम आहे असं शिकवायला हवं.

वयाबद्दल थोडक्यात. टेरी मॉफिटने १९९३ मध्ये दाखवलं की किशोरवयात नियम मोडणारे बहुतेक जण मोठे होता होता थांबतात. आयुष्यभर चालू ठेवणारे थोडे, आणि त्यांच्या खुणा फार लहानपणापासून दिसतात. सॅम्पसन आणि लॉब यांनी बोस्टनच्या जुन्या नोंदींतली मुलं म्हातारी होईपर्यंत पाहिली, आणि थांबण्यामागे वळणं सापडली: टिकणारं काम, चांगलं लग्न, सैन्यातली नोकरी. १६ ते १८ च्या मुलावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ खाली मंडळ प्राथमिक तपासणी करतं तेव्हा त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद आणि घटनेची परिस्थिती पाहायची असते. त्या वेळी ‘गुन्हा किती भयंकर’ एवढंच पाहिलं, तर मॉफिटच्या पहिल्या गटातली मुलं दुसऱ्या गटात ढकलली जातात. बुटीबोरीत कंपनीत लागलेली, लग्न झालेली, माझ्या जुन्या फायलींतली पोरं मला सीताबर्डीच्या बाजारात भेटतात. काही ओळख देतात, काही देत नाहीत. न देणाऱ्यांचं मला वाईट वाटत नाही, त्यांनी ते नाव मागे टाकलंय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. एक सिद्धांत लावू नका. केसचे प्रश्न वेगळे करा आणि प्रत्येक प्रश्नाला त्याचा सिद्धांत द्या. हे याच जागी, याच वेळी का घडलं, याला ठिकाणांचा. हाच मुलगा का, याला संगतीचा आणि बंधांचा. पकडल्यानंतर त्याच्याशी जे वागलं गेलं त्याने काय होईल, याला लेबलचा. मार्गदर्शकांनी एकच हवा म्हटलं तर शिफारस ज्यावर उभी आहे तो घ्या, आणि बाकीचे का मागे ठेवले ते दोन ओळींत लिहा. ‘दुर्लक्ष’, ‘वाईट संगत’ हे शब्द लिहाल तिथे थांबून विचारा, मी हे पाहिलं की ऐकलं? ऐकलं असेल तर कुणाकडून ते लिहा.

आणि घरभेट संध्याकाळी सातनंतर करा. सकाळी आजी भेटते. सातनंतर वडील भेटतात, आई कामावरून आलेली असते, आणि गल्लीच्या तोंडाशी कोण बसलंय, त्या मुलाला काय नावाने हाक मारतात, ते ऐकू येतं. ते नाव जसंच्या तसं अहवालात लिहा.